मामांच्या गाडीचा ईजीआर: पी ०४०१ च्या मागे लागून केलेल्या नोंदी

ईजीआर म्हणजे जळलेला धूर थोडा परत इंजिनात घेणारी व्यवस्था, आणि पी ०४०१ हा तिच्या बिघाडाचा कोड. गाडी २०१८ ची, १२४८ सीसी डिझेल, टर्बो, बीएस ४ (धुराच्या नियमांची श्रेणी), डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) नाही. मामांनी गेल्या दिवाळीत सेकंड हँड घेतली तेव्हा ९१ हजार किलोमीटर झालेली, आज १ लाख ४ हजार. मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे, गाड्यांचा धंदा माझा नाही, पण माझ्या आणि घरच्या गाड्यांचं काम मीच करतो आणि वहीत लिहून ठेवतो.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

मामा सकाळी जांबोटीहून आले ते तोंड पाडूनच. म्हणाले, "बघ की जरा, पिवळा लाईट लागलाय, चार दिवस झाले जाईना." गाडी चालते, बंद पडत नाही, मिसिंग नाही, फक्त चढाला दम कमी, पण ते घेतल्यापासूनच तसं आहे म्हणे, त्यांना वाटलं जुनी गाडी म्हणजे असंच असणार.

वाटेत एका गॅरेजात दाखवून आले होते. तिथं दोन पर्याय सांगितले, एक तर नवीन ईजीआर वाल्व, अकरा हजार अधिक मजुरी, नाहीतर डमी मारून (धुराच्या वाटेत पत्रा घालून) ईसीयूमधून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून, ईजीआर कायमचा बंद करून देतो, साडेतीन हजारात काम, वर मायलेज वाढतंय. मामांचं मन दुसऱ्याकडेच होतं. मी म्हटलं थांबा ओ मामा, आधी बघू तरी काय झालंय, दोन्ही पर्यायांत कुणी काही तपासलेलंच नाही.

ब्लूटूथचा ईएलएम ३२७ डोंगल लावून मोबाईलवर कोड वाचला. एकच, पी ०४०१. ह्याचा अर्थ "ईजीआरचा प्रवाह कमी पडतोय" एवढाच. वाल्व गेला असं ह्यात कुठंही लिहिलेलं नाही. वाल्वची वायर तुटली तर पी ०४०३ येतो, वाल्व सांगितलेल्या जागी जाईना झाला तर पी ०४०४, पोझिशन सेन्सरचा व्होल्टेज खाली गेला तर पी ०४०५. ह्यातलं एकही नाही. म्हणजे ईसीयूचं म्हणणं एवढंच की मी उघड म्हटलं, तो उघडला पण, पण गॅस यायला पाहिजे तेवढा येईना.

फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे आकडे: १६४० आरपीएम, ४८ चा स्पीड, कूलंट ८८ डिग्री, लोड ३१ टक्के. ॲक्सिलरेटरवर हलका पाय, सपाट रस्ता, इंजिन गरम. ईजीआर नेमका ह्याच वेळी उघडा असतो, त्यामुळं कोड खोटा वाटत नाही.

कोड पुसला नाही. आधी सगळं लिहून घेतलं, फोटो काढले. बरेचजण पहिल्यांदा कोड पुसतात, त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते आणि मग अंदाजानं काम सुरू होतं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

रात्री मामांचा फोन, डमीच मारूया का म्हणून. मग त्यांना नीट सांगितलं. जळलेला धूर थोडा परत इंजिनात घेतात तो उगाच नाही. त्या धुरात ऑक्सिजन कमी, जळून झालेला गॅस, तो ताज्या हवेत मिसळला की सिलिंडरातलं जळण थंडपणे होतं. आतलं तापमान फार चढलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनला धरतो आणि नायट्रोजनचे ऑक्साईड तयार होतात. त्यानं छाती धरते, उन्हात त्याचाच पुढं ओझोन होतो जमिनीलगतचा. तो काळा दिसत नाही म्हणून कुणाला काही वाटत नाही. आणि आपल्याकडं डिझेल गाडीची एमिशन टेस्ट म्हणजे धुराचा काळेपणा तेवढा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साईड मोजतच नाहीत, त्यामुळं डमी मारलेली गाडी टेस्टला आरामात पास होते. म्हणून तर हा धंदा चाललाय. रोज संध्याकाळी कपिलेश्वर पुलाखाली गाड्यांच्या मागं नाकाला पदर लावून उभ्या बायका, शाळेची पोरं दिसतात, ते डोळ्यासमोर असताना मी माझ्या हातानं असं करणार नाही. मामा म्हणाले बरं, तुझ्या मनासारखं कर, पण गणपतीच्या आत गाडी पाहिजे. चतुर्थी ७ सप्टेंबरला.

१८ ऑगस्ट, रविवार

वाल्व काढून साफ केला. हे करायला नको होतं असं नाही, पण पहिल्यांदा हे करायला नको होतं, ते पुढं कळलं.

तीन बोल्ट, एक कनेक्टर, एक क्लॅम्प. मागचा बोल्ट हाताला लागतच नव्हता, त्यातच पाऊण तास गेला. आत कार्बन होताच, इनटेकच्या बाजूला डांबरासारखा ओला, एक्झॉस्टच्या बाजूला कोरडा, बोटानं चोळला की काजळीसारखा भुगा. ओला का होतो, तर ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणारा पाईप) इंजिन ऑईलची वाफ इनटेकमध्ये येते आणि ती ह्या काजळीला चिकटते. कार्ब क्लीनर, जुना टूथब्रश, लाकडी काडी. मोटरकडच्या बाजूला क्लीनर जाऊ द्यायचा नाही, तो भाग वर धरून तोंड खाली करून साफ केलं. वाल्वची सीट नखानं तपासली, कुठं खाच नाही. कनेक्टर लावून इग्निशन चालू-बंद केलं तर ह्या गाडीत बंद केल्यावर वाल्व स्वतःच एकदा पूर्ण उघडून मिटतो, अडखळत नाही.

नवीन गॅस्केट टाकून बसवला, कोड पुसला. मामांना म्हटलं चालवून बघा. मनातून वाटत होतं झालं काम.

२२ ऑगस्ट, गुरुवार

लाईट परत. तोच कोड. मामा काही बोलले नाहीत, फोनवर नुसते "हं" म्हणाले, ते जास्त लागलं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आता पाना हातात घ्यायच्या आधी वही घेतली. ईजीआरचा प्रवाह मोजायला ह्या गाडीत वेगळा सेन्सर नाही. ईसीयू तो एमएएफवरून ओळखतो, म्हणजे एअर फिल्टरनंतर ताजी हवा मोजणारा सेन्सर. सिलिंडरात जागा तेवढीच, ईजीआर उघडला की त्यातली काही जागा धुरानं भरते, तेवढी ताजी हवा कमी ओढली जाते, एमएएफचा आकडा खाली येतो. आकडा पाहिजे तेवढा खाली आला नाही की पी ०४०१.

म्हणजे शक्यता दोन. एक, धूर खरंच कमी येतोय. दोन, एमएएफच आकडा चुकीचा दाखवतोय.

दुसरी शक्यता कागदावर तपासता येते. १२४८ भागिले ४ म्हणजे एका सिलिंडरात ३१२ सीसी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर, डोंगलवर हवेचा दाब ९२ किलोपास्कल दाखवतोय, इनटेकचं तापमान ३३ डिग्री. ह्या हवेचं वजन लिटरला १.०५ ग्रॅमच्या जवळपास येतं. आयडल (ॲक्सिलरेटरवर पाय नाही, इंजिन नुसतं चालू) ८५० आरपीएम, चार स्ट्रोक चार सिलिंडर म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडर हवा ओढतात, सेकंदाला २८ वेळा. सगळं गुणलं की सेकंदाला सव्वानऊ ग्रॅम. आयडलला सिलिंडर शंभर टक्के भरत नाही, ८५ ते ९० टक्के धरलं तर ईजीआर बंद असताना एमएएफनं आठच्या आसपास दाखवायला पाहिजे.

गाडी गरम करून आयडलवर सोडली. बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन-तीन मिनिटं नुसतं आयडलवर ठेवलं की ईसीयू स्वतःच ईजीआर बंद करतो, ही पण करते, वाल्व उघडायची कमांड शून्यावर आली. एमएएफ ८.१. म्हणजे एमएएफ सेन्सर चांगला. (गेल्या आठवड्यात तो पण बदलूया काय असं डोक्यात आलेलं.)

मग ॲक्सिलरेटरला जरा टेकून सोडलं, ईजीआर परत उघडला, कमांड वर गेली. एमएएफ ७.५. आठ पॉइंट एकवरून साडेसात. एवढंच.

२४ ऑगस्ट, शनिवार

साडेसात म्हणजे कमी की जास्त हे कशावरून ठरवायचं? शॉपमधल्या एकाकडं हेच इंजिन असलेली गाडी आहे, घरातल्या घरात वापरलेली, एकहाती. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गाडीला डोंगल लावला. ईजीआर बंद असताना ८.२, उघडल्यावर ५.७.

त्याची अडीच ग्रॅमनं उतरते, मामांची सहा दशांशानं. आता शंका राहिली नाही. वाल्व हलतोय, सेन्सर बरोबर आहे, पण धूर वाल्वपर्यंत पोचतच नाही. वाट कुठंतरी बंद आहे, म्हणजे पाईप, ईजीआरचा कूलर (परत येणारा धूर थंड करणारा) नाहीतर मॅनिफोल्डचं तोंड.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळी सातला सुरू केलं, पाऊस नव्हता. वाल्व परत काढला, त्याच्या बाजूनं टॉर्च मारून इनटेकचं तोंड बघितलं, कार्बन आहे पण वाट मोकळी. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून कूलरला जाणारा पाईप. त्याचे दोन बोल्ट गंजलेले, पण त्यातल्या एकाचं डोकं थोडं चमकत होतं, कुणीतरी आधी पाना लावल्याची खूण. तिथंच मला कळलं काहीतरी आहे.

फ्लँज सुटला आणि गॅस्केटच्या मधे एक पत्रा. साधारण दीड मिलिमीटरचा, हातानं कापलेला, फ्लँजच्या आकाराचा, कडा कानशीनं घासलेल्या, मधोमध एक भोक. भोकाभोवती कार्बनची कडक वळी जमलेली, विझलेल्या चुलीच्या तोंडावर जमते तशी, आणि मधे पेन्सिल पण जाणार नाही एवढी वाट. काडीनं टोकरून वळी काढली, व्हर्निअरनं मोजलं. ड्रिलनं मारलेलं भोक १० मिलिमीटर. कार्बननं उरलेली वाट चारच्या आतबाहेर. क्षेत्रफळात बघितलं तर सहावा हिस्सा.

आता सगळं जुळलं. आधीच्या मालकाकडं असताना कुणीतरी अर्धी डमी मारलेली. पूर्ण बंद केलं असतं तर लाईट लगेच लागला असता, म्हणून १० चं भोक ठेवलं, तेवढ्या प्रवाहावर ईसीयू गप्प राहिला. मामांनी घेतली तेव्हा लाईट नव्हता. मग हळूहळू भोक कार्बननं बुजत आलं आणि ऑगस्टात ईसीयूच्या हद्दीखाली गेलं. मी वाल्व साफ केला तेव्हा हा पत्रा एक हातभर अंतरावर होता.

पत्रा काढला, कूलर दोन्ही बाजूंनी बघितला, मोकळा, कूलंटचा ओलावा कुठं नाही. नवीन गॅस्केट, बोल्टांना कॉपर ग्रीस. चालू केली: बंद असताना ८.१, उघडल्यावर ५.६.

मामींनी पाठवलेले तांदळाचे वडे तेव्हा खाल्ले, तोवर हात पण धुतले नव्हते.

२७ ऑगस्ट, मंगळवार

काम झालं असं वाटलं होतं. झालं नाही.

संध्याकाळी पिरनवाडी, किणये करत जांबोटीच्या रस्त्याला घेतली. सपाटीला छान, पण चढाला अर्ध्या ॲक्सिलरेटरवर आरशात बघतोय तर मागं काळा धूर. मागच्या मोटारसायकलवाल्यानं तोंड फिरवलं. गाडी बाजूला घेऊन थांबलो. पी ०४०१ नाही, कुठलाच कोड नाही, पण धूर असा की आधी कधी नव्हता.

बसून विचार केला तेव्हा खरा प्रश्न पडला, तो आधीच पडायला पाहिजे होता. कुणीतरी तासभर बसून पत्रा कापला, भोक मारलं, आत घातला, तो का? त्यालापण काहीतरी त्रास होता म्हणूनच ना. हाच धूर असणार. त्यानं धूर बघितला, ईजीआर आवळला, धूर कमी झाला, गाडी विकली. रोग तसाच आत.

मग धूर कशाचा? ईसीयू एमएएफवर विश्वास ठेवतो. समजा एमएएफ आणि इंजिनाच्या मधे कुठंतरी हवा गळतेय, टर्बोनंतर दाबाखाली. ती हवा एमएएफनं मोजलेली आहे पण सिलिंडरात पोचलेली नाही. ईसीयूला वाटतं ताजी हवा फार येतेय, तो आकडा खाली आणायला ईजीआर आणखी उघडतो, डिझेल पण त्या खोट्या हवेच्या हिशेबानं सोडतो. सिलिंडरात हवा कमी, धूर जास्त, डिझेल जास्त. काळा धूर येणारच. आणि चढाला दम कमी, ते मामा पहिल्या दिवशी म्हणालेच होते, मी ते लिहून घेतलं आणि तिथंच सोडलं. आयडलला टर्बोचा दाब नसतो म्हणून माझे आयडलचे सगळे आकडे बरोबर येत होते.

२९ ऑगस्ट, गुरुवार

शॉपमधे नायलॉनचा एक तुकडा पडून होता, तो लेथवर टर्न करून टर्बोच्या इनलेट होजला बसेल असा बूच केला, मधे भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वाल्व बसवला. कामानंतर गाडी नेहमीच्या टायरवाल्याकडं नेली. ब्रीदरचा पाईप काढून दोन्ही बाजूंनी बुजवला, नाहीतर दाब क्रँककेसमधे जाऊन ऑईल सील उडतात, हे विसरायचं नाही.

टायरवाले अण्णा गेज हातात धरून विचारतात, "एष्टु हाकली?" (किती घालू?) मी म्हटलं, "हत्तु, साकु." (दहा, पुरे.) दहा पीएसआयवर ठेवलं. उघड्या वाल्वमधून सिलिंडरात थोडी हवा जाते, तिचा आवाज एक्झॉस्टमधून येतो, तो चालतो. दुसरा आवाज खालून, बंपरच्या डाव्या बाजूनं, बारीक, सापानं फुत्कार टाकावा तसा.

साबणाचं पाणी स्प्रे केलं. टर्बोपासून इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणारा) जाणारा रबरी होज, खालचं वळण, क्लिपपासून चार बोटांवर. दिसायला काहीच नाही, फक्त तिथं तेलकट डागावर धूळ बसून मऊ थर झालेला. त्यावर साबण टाकला आणि फेस उसळला. अण्णांनी हवा सोडली, फेस थांबला. परत भरली, परत फेस. बोटानं होज वाकवला तेव्हा चीर उघडली, अंगठ्याच्या नखाएवढी, आणि सोडल्यावर अशी मिटली की कुणी म्हणणार नाही इथं काही आहे. म्हणूनच नुसतं बघून कुणाला सापडली नसेल. दाब असतानाच ती तोंड उघडते.

अण्णांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले मला पण बघायचं होतं कुठनं येतंय ते.

१ सप्टेंबर, रविवार

नवीन होज १८५० रुपये, दोन्ही क्लिपा नवीन. जुन्या होजमधून थोडं ऑईल निघालं, साधारण चमचाभर, ह्या वयाला एवढं असतं, टर्बोचा शाफ्ट हातानं हलवून बघितला, आडवा किंचित, पुढं-मागं अजिबात नाही. इंटरकूलर निथळून घेतला. परत दहा पीएसआय, परत साबण, सगळीकडं. कुठं बुडबुडा नाही.

मग मामांना बरोबर घेऊन सरळ कणकुंबीपर्यंत गेलो. मलप्रभा उगम पावते त्या गावाशी थांबलो, धुकं, चहा. चढाला मामाच चालवत होते, मी आरशात बघत होतो. धूर नाही. पूर्ण ॲक्सिलरेटरला हलकी करडी रेघ, गिअर टाकला की गेली. मामा म्हणाले, "तिसऱ्यावर चढतीय की रे, मी इथं दुसरा टाकत होतो वर्षभर." परत येताना १६०० आरपीएमवर हलक्या पायानं मुद्दाम दहा मिनिटं काढली, जिथं कोड आला होता तीच परिस्थिती. काही नाही.

एकूण खर्च: गॅस्केट दोन वेळची, कार्ब क्लीनर, होज, क्लिपा मिळून तीन हजारांच्या आत. डमीपेक्षा कमी, पण तो मुद्दा नाही. डमी पूर्ण मारली असती तर धूर दबून राहिला असता, होज पुढं चोर्ला घाटात कुठंतरी फाटला असता आणि टर्बो फुकट जास्त फिरत राहिला असता.

५ सप्टेंबर, गुरुवार

एमिशन टेस्टची मुदत जवळ आलेली, म्हणून करून घेतली. बीएस ४ डिझेलला धुराच्या काळेपणाची हद्द १.६२, गाडी आली ०.५८. माझ्यासाठी त्यापेक्षा मोठा पुरावा म्हणजे आयडलचं ८.१ ते ५.६, कारण टेस्टवाल्याचं मशीन ती बाजू बघतच नाही.

पाच दिवसांत २६० किलोमीटर, सोळा वेळा चालू-बंद, पेंडिंग कोड (लाईट लागायच्या आधी नोंदला जाणारा) पण नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मामा गाडी घेऊन गेले. मागच्या सीटवर मूर्ती, मांडीवर धरून धाकटा मामेभाऊ. निघताना पत्रा मागितला, त्या गॅरेजवाल्याला दाखवतो म्हणाले. मी भांडू नका म्हटलं, त्यानं तो घातलेला नाही, पण दाखवा जरूर.

पुढचं: १ लाख १० हजाराला वाल्व परत उघडून कार्बन किती जमला बघायचा, होजचं वळण तेव्हाच साबणानं तपासायचं. शॉपमधल्या त्याच्या गाडीचा होज पण त्याच वयाचा आहे, त्याला ह्या रविवारी बोलावलंय, बूच तयारच आहे.